भाचा स्ट्रायकर आहे, कोच म्हणतात विंगवर टाका. फॉरेनरमुळे खरंच नऊ नंबरला स्कोप नाही का?

ठाणेकर_मामा

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा, कारण घरात यावरून रोज चर्चा चालू आहे.

माझा भाचा १६ वर्षांचा. आम्ही घोडबंदर रोडला राहतो आणि पोरगं लहानपणापासून फुटबॉलमध्ये स्ट्रायकरच खेळतंय. डावखुरा आहे, उंची चांगली, स्पीड ठीकठाक. त्याची खरी ताकद म्हणजे गोलकडे पाठ करून बॉल धरून ठेवणं, डिफेंडर कितीही रेटू दे, हा दोन सेकंद उभा राहतो आणि बाजूच्याला सोडतो. आता त्याच्या अकॅडमीच्या कोचने माझ्या बहिणीला फोन करून सांगितलं की याला लेफ्ट विंग (डावी कड) नाहीतर लेफ्ट बॅकला (मागे, बचावात) टाकूया, कारण पुढे आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) क्लबमध्ये शिरायचं असेल तर नऊ नंबरवर, म्हणजे मधल्या स्ट्रायकरच्या जागेवर, सगळे फॉरेनरच घेतात, भारतीय पोरगा तिथे बेंचवरच म्हातारा होतो. पोराने दोन दिवस नीट जेवण केलं नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक म्हणजे कोचच्या बोलण्यात तथ्य किती. आणि दुसरी, जी मला जास्त टोचते, ती अशी की इतकी वर्षं बाहेरचे प्लेअर आपल्या लीगमध्ये खेळतायत, त्याने आपल्या भारताच्या टीमचं भलं झालं का वाटोळं? जुलै २०२३ मध्ये आपण फिफा रँकिंगला ९९ वर होतो, नोव्हेंबर २०२५ ला १४२ वर. बांगलादेशकडून ढाक्यात १-० ने हरलो, २०२७ च्या एशियन कपला क्वालिफायसुद्धा झालो नाही. लीगमध्ये एवढा पैसा ओतून मग हे असं का?

नेरुळकर_डीवाय

मामा, आकडे बघितले तर तुमचे कोच खोटं बोलत नाहीयेत. आयएसएल २०१४ ला सुरू झाली. पहिला गोल्डन बूट, म्हणजे सीझनच्या टॉप स्कोअररचं बक्षीस, एलानोला, मग मेंडोझा, मार्सेलिन्हो, लागोपाठ दोनदा कोरो, पुढे वाल्स्किस, अँगुलो, ओग्बेचे, दियामांताकोस, आणि २०२४-२५ ला नॉर्थईस्ट क्लबचा अजराई तब्बल २३ गोल मारून. या सगळ्या वर्षांत एकाही भारतीयाला तो मिळालेला नाही. त्या २०२४-२५ च्या सीझनला भारतीयांत सगळ्यात जास्त गोल कोणाचे होते माहितीये? सुनील छेत्रीचे, १४. वय ४०. भारताच्या टीममधून रिटायर झालेल्या माणसाला मार्च २०२५ मध्ये परत बोलवावं लागलं कारण मागे कोणी उभाच नव्हता.

आणि हे फक्त आयएसएलचं नाही हां, आधीच्या मुख्य लीगमध्ये, आय-लीगमध्येही ओडाफा आणि रँटी मार्टिन्स हेच वर्षानुवर्षं टॉप स्कोअरर होते. त्याच्याही आधी कोलकात्यात मजीद बिश्कर, चिमा ओकोरी. म्हणजे पुढची जागा बाहेरच्याला द्यायची सवय आपल्याकडे खूप जुनी आहे, २०१४ ला फक्त त्याला टीव्ही आणि लाइट मिळाले.

पण आता दुसरी लिस्ट बघा, गोल्डन ग्लव्हची, म्हणजे बेस्ट गोलकीपरच्या बक्षिसाची. पहिली दोन वर्षं फॉरेनर कीपर. २०१६ ला आपला मुंबई सिटीचा अमरिंदर, आणि तिथून पुढे सुब्रत पाल, गुरप्रीत, अरिंदम, गिल, विशाल कैथ, फुर्बा लाचेन्पा, सगळे भारतीय. असं का झालं असेल? फॉरेनरच्या जागा मोजक्या असतात. सुरुवातीला मैदानात ६ चालायचे, २०१७-१८ पासून ५ झाले, २०२१-२२ पासून ४. क्लबला त्या जागा स्ट्रायकर, मिडफिल्ड आणि सेंटर बॅकवर खर्च करायच्या असतात, गोलकीपरवर कोणी घालवत नाही. मग तिथे भारतीय पोरावर भरवसा ठेवण्याशिवाय क्लबला इलाजच उरला नाही, आणि पोरं तयार झाली. सतत खेळली, चुका करूनही पुढच्या मॅचला परत उभी राहिली, म्हणून तयार झाली. स्ट्रायकरला ही मुभा कधीच मिळाली नाही, त्याने एक चान्स घालवला की सत्तराव्या मिनिटाला बाहेर, आणि पुढच्या ट्रान्सफर विंडोत त्याच्या डोक्यावर एक ब्राझिलियन.

अगदी छेत्रीलाही हे चुकलं नाही. २०१७-१८ ला बेंगळुरू क्लबमध्ये मधोमध फॉरेनर मिकू खेळायचा आणि छेत्री डावीकडे. मिकूचे १५, छेत्रीचे १४. हा माणूस ग्रेट म्हणून बाजूला उभा राहूनही गोल मारत होता. सगळे थोडीच तसे असतात?

मी डी वाय पाटीलला मुंबई सिटीच्या मॅच सुरुवातीपासून बघितल्यात. २०१५ ला तिथेच नॉर्थईस्टला ५-१ हरवलं तेव्हा छेत्रीने हॅटट्रिक मारली होती, आयएसएलमधली भारतीयाची पहिली. कोच कोण होता? निकोलस अनेल्का, खेळाडू आणि कोच दोन्ही. त्या दिवशी स्टेडियममधून नेरुळ स्टेशनपर्यंत पोरं छेत्रीचं नाव घेत चालत होती. असे दिवस फार कमी आले हो. आम्हाला त्याच्यासारखा दुसरा बघायचा होता आणि दहा वर्षांनंतरही आम्ही त्याच्याकडेच बघत बसलोय.

खारघर_कोच

ठाणेकर मामा, मी १३ ते १७ वयाच्या मुलांना शिकवतो, कोचिंगचं डी लायसन्स आहे, फार मोठा माणूस नाही, पण हे रोज बघतो म्हणून बोलतो.

पोराला विंगवर टाकू नका. निदान या कारणासाठी तरी नको.

लेफ्ट बॅक खेळणं वाईट नाही. पण गोलकडे पाठ करून बॉल धरणारा पोरगा आपल्याकडे मिळतच नाही, ठाणे ते पनवेल सगळी ग्राउंड फिरा, पन्नास विंगर सापडतील, सगळे फास्ट, सगळे आत कट मारणारे. कारण सगळ्या कोचनी तोच हिशोब केलाय जो तुमच्या कोचने केला. क्लब भारतीय स्ट्रायकर घेत नाही म्हणून अकॅडमी बनवत नाही, अकॅडमी बनवत नाही म्हणून क्लबला मिळत नाही, आणि भारताच्या टीमचा कोच मग क्लबला विंगवर खेळणाऱ्याला उचलून मधे उभं करतो. मनवीर सिंगचं बघा ना, मोहन बागानला उजवीकडे खेळतो आणि भारताकडून त्याला स्ट्रायकर करतात. जानेवारी २०२४ चा एशियन कप आठवा, ऑस्ट्रेलिया ०-२, उझबेकिस्तान ०-३, सीरिया ०-१. तीन मॅचमध्ये एक गोल नाही. बॉल बॉक्सपर्यंत जात होता, आत काय करायचं ते रोज करणारा माणूस तिथे नव्हता.

आता फॉरेनरबद्दल. आमच्याकडे एक नायजेरियन गृहस्थ यायचे, इथल्या लोकल टुर्नामेंट खेळून संसार चालवणारे, वय झालेलं, गुडघे गेलेले. मी त्यांना म्हटलं पोरांना अर्धा तास द्या. त्यांनी एकच गोष्ट शिकवली. बॉल यायच्या आधी डिफेंडरला पाठीने शोधायचं, हाताने नाही, कंबर त्याच्या मांडीला टेकवायची आणि गुडघे वाकवून खाली बसायचं, म्हणजे तो रेटायला गेला की त्याचा तोल जातो. आणि बॉल लांबच्या पायावर घ्यायचा. पोरं दोन आठवडे पडत होती. मग एका मॅचमध्ये आमच्या पंधरा वर्षांच्या पोराने तसंच्या तसं केलं, समोरचा स्टॉपर (मधला डिफेंडर) त्याच्याहून बराच उंच होता, तो वळसा घालून पुढे यायला गेला आणि हा दुसऱ्या बाजूने सुटला. मी साइडलाइनला उभा राहून ओरडलो अक्षरशः. ही गोष्ट मला येत नव्हती, मला कोणी शिकवलीच नव्हती.

त्यामुळे बाहेरचे आले म्हणून आपण बुडालो हे मी कधीच म्हणणार नाही. मुंबई सिटीत फॉरेनर अहमद जाहूहच्या शेजारी खेळून आपला आपुइया कुठे पोचला ते बघा, मिडफिल्डमध्ये बॉल मागायचा कधी आणि थांबायचं कधी हे पोरगं रोज ट्रेनिंगला बघत होतं. एप्रिल २०२२ ला मुंबई सिटीने रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं, एशियन चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबची ती पहिली जीत, आणि विनिंग हेडर कोणाचा? आपल्या राहुल भेकेचा. त्याआधीचा गोल फॉरेनर डिएगो मॉरिसियोचा, पेनल्टीवर. दोघं एकत्र होते म्हणून ती मॅच निघाली.

रंकाळा_ते_ऐरोली

कोच साहेबांना शंभर टक्के अनुमोदन, पण कोल्हापूरकर म्हणून एक दुसरी बाजू सांगतो.

आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पेठ आणि तालीम. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियम भरलेलं असतं, म्हाताऱ्या बायकासुद्धा स्कोअर विचारतात. आधी टीममधला प्रत्येक पोरगा गल्लीतला असायचा, त्याचा बाप पण त्याच तालमीकडून खेळलेला. मग टीमांनी आफ्रिकेतले प्लेअर आणायला सुरुवात केली, एकाने आणला की दुसऱ्याला आणावाच लागतो, कारण पेठेची इज्जत असते, हरून गल्लीत जायचं कसं. खेळ फास्ट झाला हे मान्य. गर्दी वाढली. त्यांच्यातल्या काही जणांवर लोकांनी जीव लावला, घरी जेवायला नेलं, तांबडा पांढरा खायला घातला, मॅच जिंकल्यावर खांद्यावर घेऊन मिरवणूक काढली. पण झालं काय, पहिल्यांदा जागा कोणाची गेली? पुढच्या पोराचीच. गल्लीतला जो अठरा वर्षांचा पोरगा त्या वर्षी पुढे खेळणार होता तो बेंचवर बसला, मग नोकरीला लागला, मग फुटबॉल सुटला. क्लबचा पैसा पण सगळा तिकडेच, बाकीच्यांना बूट सुद्धा स्वतःचे.

मी त्या फॉरेनर पोरांना दोष देत नाही हां. ते पोटासाठी आलेत, इमानदारीत खेळतात, आणि रंगावरून प्रेक्षक त्यांना काय काय बोलतात ते मी कानांनी ऐकलंय आणि मला त्याची लाज वाटते. दोष टीम चालवणाऱ्यांचा, ज्यांना हाच सीझन जिंकायचाय आणि पुढच्या पाच वर्षांचं काही पडलेलं नाही.

आणि आमचा अनिकेत जाधव कोल्हापुरातूनच २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला गेला, फॉरवर्ड म्हणून. म्हणजे पोरं आहेत. त्या बॅचचं नंतर काय झालं ते कोणीतरी लिहा, मला कामावर जायचंय.

पाचपाखाडी_११

त्या बॅचबद्दल मी लिहितो, कारण मला वाटतं या सगळ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

वर्ल्ड कपनंतर त्या पोरांना घेऊन फेडरेशनने इंडियन ॲरोज परत सुरू केली आणि थेट आय-लीगमध्ये उतरवली. एकही फॉरेनर नाही, सगळे टीनएजर. हरायचे भरपूर. पण जीक्सन, सुरेश वांगजाम, अन्वर अली, रहीम अली हे सगळे तिथे मोठ्या माणसांविरुद्ध, फॉरेनर स्टॉपर आणि फॉरेनर स्ट्रायकरविरुद्ध पूर्ण ९० मिनिटं खेळले, आणि पुढे भारताकडून खेळले. त्याच्या आधीच्या ॲरोजमधून स्ट्रायकर जेजे आला होता. म्हणजे समोर फॉरेनर असणं चांगलं, आपल्या जागेवर असणं वाईट, असं मला तरी वाटतं. २०२२ ला ती टीम बंद केली. मला आजही तो निर्णय पटत नाही.

तुलनेसाठी बाहेरचं बघूया. जपानने १९९३ ला जे-लीग काढली, झिको, लिनेकर, लिटबार्स्की असले मोठे प्लेअर आणले, अगदी आपल्या २०१४ सारखंच. फरक काय केला? प्रत्येक क्लबला युथ टीम ठेवणं सक्तीचं केलं आणि शाळा-कॉलेजचं फुटबॉल मरू दिलं नाही. जपानचा मितोमा युनिव्हर्सिटीतून आलेला प्लेअर आहे. आणि झिको नुसता दोन महिने येऊन फोटो काढून गेला नाही, तो काशिमाला मुळापासून क्लब उभा करायला होता, नंतर २००२ ते २००६ जपानचा कोच पण झाला. १९९८ ला जपान पहिल्यांदा वर्ल्ड कपला गेला आणि तेव्हापासून एकही चुकवलेला नाही. आपल्याकडे देल पिएरो, त्रेझेगे, ल्युंगबर्ग, पिरेस आले, सीझन अडीच-तीन महिन्यांचा, कोणाला काय शिकवणार तेवढ्यात?

चीनने उलटं केलं. ब्राझीलच्या ऑस्करला सुमारे ६ कोटी युरो देऊन आणला, हल्क, तेवेझ. मग घाबरून फॉरेनर कमी केले, ट्रान्सफरवर जबर टॅक्स लावला, ब्राझिलियनांना चिनी पासपोर्ट दिले. जिआंग्सू क्लब २०२० ला चॅम्पियन झाला आणि काही महिन्यांत बंद पडला, ग्वांगझू दोनदा एशिया जिंकलेला क्लब, जानेवारी २०२५ ला संपला. आणि चीन वर्ल्ड कपला एकदाच गेलाय, २००२ ला, म्हणजे हा सगळा पैसा यायच्या आधी.

नेरुळकर_डीवाय

@पाचपाखाडी_११ इंग्लंड विसरलास. १९९२ ला प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा पहिल्या वीकेंडला ब्रिटन-आयर्लंडच्या बाहेरचे जेमतेम १३ जण स्टार्टिंगमध्ये होते, १९९९ ला चेल्सीने ११ च्या ११ फॉरेनर उतरवले. तेव्हा पण हीच बोंब होती की इंग्लंडची टीम संपली. पण २०१२ ला त्यांनी अकॅडमींची सगळी सिस्टीमच बदलली, आणि २०१७ ला आपल्याच देशात येऊन अंडर-१७ वर्ल्ड कप जिंकले, फोडेन बेस्ट प्लेअर. नंतर २०२० आणि २०२४ च्या दोन्ही युरोच्या फायनलला. फॉरेनर कमी झाले नव्हते, उलट वाढलेच होते.

पाचपाखाडी_११

बरोबर, पण इंग्लंडमध्ये खाली किती लीग आहेत ते बघ. ज्याला चेल्सीत जागा नाही तो खालच्या डिव्हिजनला जाऊन दर आठवड्याला मॅच खेळतो, हॅरी केनने पण लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबला तात्पुरतं जाऊन, असंच केलंय. आपल्याकडे ज्याला आयएसएलच्या टीममध्ये जागा नाही तो कुठे जाणार? बेंचवर बसणार आणि डेव्हलपमेंट लीगच्या चार मॅच खेळणार. आणि २०२५ ला तर लीग चालवण्याच्या करारावरून मुख्य लीगच महिनोन्महिने अडकली, प्लेअर घरी बसले, त्यात फॉरेनर निघून गेले ते वेगळंच.

आणि नुसते फॉरेनर वाढवून चालत नाही याचा पुरावा सौदी आहे. २०२२ ला अर्जेंटिनाला हरवलं त्या टीममधले बहुतेक जण अल हिलाल या एकाच क्लबचे होते, रोज एकत्र खेळणारे. त्यानंतर तिथे युरोपातल्या स्टारची रांग लागली आणि २०२४ ला त्यांचा कोच मान्चिनी उघडपणे म्हणत होता की माझ्या प्लेअरना क्लबमध्ये खेळायलाच मिळत नाही. नोव्हेंबर २०२३ ला डी वाय पाटीलला मुंबई सिटी विरुद्ध अल हिलाल झाली तेव्हा मी होतो, ०-२ हरलो, रियाधला ०-६ झाले होते त्यामानाने खूपच लढलो. त्यातला एक गोल त्यांचा स्ट्रायकर मित्रोविचचा. सगळे नेमारसाठी तिकीट काढून आले होते, तो दुखापतीमुळे आला नाही, पण मी मात्र मित्रोविचवरच डोळे ठेवून होतो. नव्वद मिनिटं तो माणूस आपल्या स्टॉपरच्या मधल्या जागेत उभा राहायचा, दिसेल न दिसेल असा सरकत. मामा, भाच्याला असल्या मॅच स्टेडियमला बसून दाखवा, टीव्हीवर कॅमेरा बॉलबरोबर पळतो, स्ट्रायकर बॉल नसताना काय करतो ते दिसतच नाही.

सानपाडा_९

मी स्वतः स्ट्रायकर, आता कॉलेज टीमकडून खेळते. सगळे पुरुषांच्या लीगबद्दलच बोलतायत म्हणून लिहायला आले.

जुलै २०२५ ला भारताच्या बायकांनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवलं आणि २०२६ च्या एशियन कपला क्वालिफाय झाल्या. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. ज्या वर्षी पुरुषांची टीम सिंगापूर, हाँगकाँग, बांगलादेशकडून हरली त्याच वर्षीची गोष्ट आहे ही. आमच्या लीगमध्ये पण घाना, युगांडाच्या मुली येतात आणि गोल मारतात, पण त्या जोडीला आपल्या मुली बाहेर जातात. मनीषा कल्याण सायप्रसच्या क्लबला गेली आणि २०२२ ला युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय झाली. मला वाटतं सगळे फक्त कोण आत येतं तेच मोजतात, आपलं कोण बाहेर जातं ते कोणी विचारत नाही. आयएसएलमध्ये भारतीय प्लेअरला जेवढे पैसे मिळतात तेवढे बाहेरच्या लहान लीगमध्ये नाही मिळत, म्हणून मुलगे जात नाहीत. का मिळतात? कारण ११ पैकी ७ भारतीय लागतातच, आणि तेवढे चांगले प्लेअर नाहीत, म्हणून जे आहेत त्यांचा भाव चढतो. त्यात त्यांची चूक नाही, घर चालवायचं असतं, पण खेळाचं नुकसान होतंच ना.

मामा, तुमच्या भाच्याला एक सांगा. मला पण १५ व्या वर्षी बॅकला टाकलं होतं, मी उंच आहे म्हणून. मी सरांना रोज प्रॅक्टिस संपल्यावर विचारायचे, दहा मिनिटं पुढे खेळू का. शेवटी त्यांनीच परत आणलं. त्याने स्वतः कोचशी बोलावं, आईने किंवा मामाने नाही.

रंकाळा_ते_ऐरोली

सानपाडा ताई, भारी लिहिलंत. शेवटचं वाक्य तर मी माझ्या पुतण्याला पाठवलं.

ठाणेकर_मामा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. बहिणीला सगळं वाचून दाखवलं. भाचा कोचशी बोलणार आहे.

एक राहिलं. फुटबॉलर रायन विल्यम्सला भारताचा पासपोर्ट मिळाला ते वाचलं, ऑस्ट्रेलियात जन्मलेला. आता तयार प्लेअर बाहेरूनच आणायचे असं ठरलं तर मग इथल्या पोरांनी कशासाठी घाम गाळायचा? का मी उगाच घाबरतोय?

पाचपाखाडी_११

घाबरण्यासारखं सध्या तरी नाही. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, ओसीआय कार्डवर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) भारताकडून खेळता येत नाही, म्हणजे ज्याला यायचंय त्याला आधीचा पासपोर्ट सोडावा लागतो. २०१३ ला इझुमी अराता जपानी पासपोर्ट सोडून खेळला आणि आता विल्यम्स, अशी उदाहरणं बोटावर मोजण्याइतकीच. आणि विल्यम्स काही परका नाही, त्याची आई मुंबईची, आजोबा १९५० च्या दशकात बॉम्बेकडून संतोष ट्रॉफी (राज्यांच्या टीमची स्पर्धा) खेळलेले. अशा माणसाने सगळं सोडून आपली जर्सी मागितली तर मला तरी आनंदच आहे.

पण ऑक्टोबर २०२५ ला गोव्यात सिंगापूरकडून १-२ हरलो ना, त्यांचे दोन्ही गोल साँग उई-याँगचे, जन्माने कोरियन. तो टीनएजर असताना सिंगापूरला आला, तिथल्याच क्लबमध्ये वाढला, २०२१ ला नागरिक झाला. त्याला रेडीमेड म्हणता येत नाही, त्यांनी तो घडवला. मलेशियाने घाई केली, खोट्या कागदपत्रांवरून फिफाने त्यांच्या सात जणांवर कारवाई केली. दोन्ही रस्ते समोर आहेत.

खारघर_कोच

मामा, विल्यम्सच्या आजोबांच्या काळाचा विषय निघालाच आहे तर भाच्याला नेव्हिल डिसूझा सांगा. मुंबईचा पोरगा, १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक, ४-२ जिंकलो, भारत चौथा आला. वांद्र्याच्या ग्राउंडला त्याचंच नाव आहे. तुमचा भाचा तिथे कधीतरी खेळलाच असेल.

नियमाचं म्हणाल तर बरेच जण म्हणतात प्रत्येक टीमला एक भारतीय स्ट्रायकर सक्तीचा करा. मला ते पटत नाही. कागदावर स्ट्रायकर लिहून पोराला विंगवर उभं करणं कोणत्याही क्लबला जमेल, रेफरी काय पोझिशन तपासणार आहे? त्यापेक्षा खालच्या लीगमध्ये, म्हणजे राज्य आणि जिल्हा लेव्हलला, फॉरेनर शून्य ठेवा आणि मॅच वाढवा. १८ ते २१ वयात पोराला वर्षाला तीस-पस्तीस खऱ्या मॅच मिळाल्या पाहिजेत, पूर्ण वेळाच्या. वरच्या लीगला फॉरेनर ४ ठेवा, पण चांगले आणा, आणि त्यांच्या करारात अकॅडमीच्या पोरांबरोबर आठवड्याला एक सेशन लिहून घ्या.

नेरुळकर_डीवाय

सर, शेवटचं जमेल, पण जिल्हा लेव्हलला मॅच वाढवायला ग्राउंड कुठे आहे? ठाण्यात एक पूर्ण साइजचं गवताचं मैदान दाखवा जे फुटबॉलसाठी वर्षभर मोकळं मिळतं. पोरं सहा-सहाच्या टर्फवर तासाला पैसे भरून खेळतात, तिथे ना लाँग बॉल येतो ना क्रॉस, स्ट्रायकर हेडर शिकणार कुठून?

खारघर_कोच

हो, हा मुद्दा माझ्या लिखाणात यायला हवा होता. टर्फवर वाढलेल्या पोराला मोठ्या मैदानावर पहिले तीन महिने अंतराचा अंदाजच येत नाही. मामा, भाचा टर्फवरच खेळत असेल तर रविवारी सकाळी त्याला खारघरला पाठवा, आम्ही ११ विरुद्ध ११ खेळतो, पैसे नाहीत. मला एक असा नऊ नंबर हवाच आहे. मेसेज करा, वेळ कळवतो. शिनगार्ड आणायला सांगा.